खेड्याचें सांडपाणी : खर्च कोणाचा ?

खेड्यांत नळाचें पाणी आलें म्हणजे समारंभ होतो. तोटीला हार घालतात, नारळ फुटतो, पाहुण्यांचीं भाषणें होतात. त्या तोटींतून पडलेलें पाणी मोरीवाटे बाहेर पडून पुढें कोठें गेलें, हें पाहण्यास मात्र कोणी पाहुणा थांबत नाहीं. तें दारापुढच्या वाटेवर पसरतें, खळग्यांत सांचतें, हिरवें पडतें आणि पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांतून नदीला जाऊन मिळतें. पाणी आणण्याच्या कामाला पुण्यकर्माची प्रतिष्ठा आहे. पाणी नेण्याचें काम आजवर बिनमानाचें राहिलें आहे. वस्तुतः हीं एकाच कामाचीं दोन अंगें होत. घरांत येणाऱ्या पाण्यापैकीं पिण्यांत व स्वयंपाकांत खर्ची पडतें तें थोडें. उरलेलें बहुतेक सारें घाण होऊन घराबाहेर जातें. ज्या दिवशीं घरांत नळ आला, त्याच दिवशीं त्या घरापुढें सांडपाण्याचा प्रश्न उभा राहिला, असें समजावें.

घाण पाणी दूर नेऊन शुद्ध करण्याचें शास्त्र नवें नाहीं. मोठ्या शहरांतून भुयारी गटारें बांधूं लागल्यास दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला. खेड्यांत घोडें अडतें तें पैशापाशीं. परंतु हा पैशाचा प्रश्नही 'एकूण किती लागतील' इतकाच नाहीं. पैसा कोणत्या टप्प्यावर, कोणाकडून आणि कोणत्या रूपानें घ्यावयाचा, हें त्याचें खरें स्वरूप आहे. तेवढें चुकलें तर सरकारनें कोट्यवधि रुपये खर्च करूनही घराची मोरी उघड्यावरच वाहत राहते. याचें प्रमाण म्हणून अमेरिकेसारख्या धनाढ्य देशाचें उदाहरण घेणें सोयीचें आहे. कारण तेथें पैसाच नव्हता, असें कोणालाही म्हणतां यावयाचें नाहीं.

त्या उदाहरणाकडे वळण्यापूर्वीं खर्चाचे थर समजून घेतले पाहिजेत. गटारयोजनेंत पहिला थर मोठ्या कामांचा : शुद्धीकरणकेंद्र, पंप व गांवाबाहेर जाणारा मुख्य नळ. दुसरा थर गल्लोगल्लीं घालावयाच्या नळांचा. तिसरा थर घराच्या मोरीपासून गल्लींतील नळापर्यंतच्या तुकड्याचा. हा तुकडा पुष्कळदां तीसचाळीस फुटांचाच असतो. पण त्यावांचून मागचीं सारीं कामें त्या घरापुरतीं निरुपयोगी ठरतात. घरमालकाकडून जो 'जोडणीचा आकार' मागितला जातो, त्यांत बहुधा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक, नळ प्रत्यक्ष जोडून देण्याचा खर्च. दुसरी, आधींच उभारलेल्या मोठ्या कामाच्या भांडवलांतील त्या घराचा वांटा. याशिवाय आपल्या आवारांत चर खणणें, जुनी टाकी बुजविणें, संडासाचा नळ वळवून घेणें, हा भार त्याचा त्यानेंच सोसावयाचा असतो. हे सर्व पैसे एकदम आणि आरंभींच लागतात. दरमहा किंवा दरसाल द्यावयाची गटारपट्टी ही याहून वेगळी. ती योजना चालूं ठेवण्यासाठीं असते.

शहरांत हा भार फारसा जाणवत नाहीं, याचें कारण साध्या गणितांत आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस वीस-वीस फुटांवर घरें असलीं, तर एका घराच्या वांट्यास गल्लींतला दहा फूट नळ येतो. वस्ती विरळ होऊन हेंच अंतर दोनशें फूट झालें, कीं प्रत्येक घराच्या वांट्यास शंभर फूट नळ येतो. शिवाय गटाराचें पाणी उतारानें वाहतें. नळ जितका लांब, तितका त्याचा चर पुढें पुढें खोल खणावा लागतो, नाहीं तर मध्यें पंप बसवावा लागतो. म्हणजे जेथें घरें थोडीं आणि मिळकत बेताची, तेथेंच घरामागें खर्च अधिक. खेड्याच्या सांडपाण्याची सारी अडचण या एका विसंगतींत सांठलेली आहे. ती दूर करण्याचें काम सार्वजनिक पैशाचें; पण तो पैसा कोणत्या थरावर जाऊन पडतो, यावर सर्व अवलंबून आहे.

अमेरिकेच्या काँग्रेसनें १८ ऑक्टोबर १९७२ रोजीं अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार बाजूस सारून जलशुद्धीचा मोठा कायदा मंजूर केला. नद्यांत मासे जगावे व माणसांना निर्धास्तपणें पोहतां यावें, असा त्याचा हेतु होता. शुद्धीकरणकेंद्रें व मुख्य नळ बांधणाऱ्या नगरपालिकांना खर्चाच्या ७५ टक्के रक्कम मध्यवर्ती सरकारनें अनुदान म्हणून द्यावी, असें त्यांत ठरलें, आणि तीन वर्षांसाठीं १,८०० कोटि डॉलरांची तरतूद झाली. निक्सन यांनीं त्यांतील कांहीं भाग रोखून धरला होता. परंतु कायद्यानें ठरविलेला पैसा अध्यक्षाला असा अडवितां येत नाहीं, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९७५ सालीं दिला. या पैशांतून देशभर शुद्धीकरणकेंद्रें उभीं राहिलीं व अनेक नद्यांचें रूप पालटलें. हें यश निर्विवाद आहे.

पण अनुदानाची हद्द कोठें संपत होती, हें पाहण्यासारखें आहे. मोठीं कामें त्यांत होतीं. गल्लींतले नळ कांहीं अटींवर होते. घरापासून गल्लीपर्यंतचा नळ मात्र खासगी मालमत्ता म्हणून बाहेर ठेवलेला होता. मोठ्या शहरांत गल्लींतले नळ पूर्वींच घातलेले असल्यामुळें तेथें ही उणीव भासली नाहीं. लहान गांवांत सर्वच नवें करावयाचें होतें. तेथें शहराच्या नमुन्यावर आंखलेली योजना आली, म्हणजे उरलेला पंचवीस टक्क्यांचा वांटा, घराच्या नळाचा खर्च आणि पुढें चालविण्याची पट्टी, हे तिन्ही भार मूठभर घरांवर येऊन पडत. १९७७ च्या दुरुस्तींत याची दखल घेतली गेली. नव्या व स्वस्त पद्धतींना ८५ टक्के अनुदान मिळावें, आणि ग्रामीण राज्यांनीं आपल्या हिश्शांतील ४ टक्के रक्कम लहान गांवांतील अशा पद्धतींसाठीं राखून ठेवावी, असें ठरलें.

ही दिशा फार काळ टिकली नाहीं. १९८१ सालीं अनुदानाचें प्रमाण उतरविण्याचें ठरून १९८४ च्या ऑक्टोबरपासून तें सामान्यतः ५५ टक्क्यांवर आलें. १९८७ सालीं अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून जो कायदा झाला, त्यानें अनुदानाची पद्धतच क्रमानें बंद करून तिच्या जागीं फिरता निधि आणला. मध्यवर्ती सरकारनें पांच डॉलर द्यावे, राज्यानें त्यांत एक डॉलर घालावा, त्यांतून नगरपालिकांनीं हलक्या व्याजानें कर्ज घ्यावें आणि फेडीची रक्कम पुन्हां दुसऱ्या गांवाच्या उपयोगीं पडावी, अशी ही व्यवस्था. हिशेबाच्या दृष्टीनें ती उत्तम आहे. एकच पैसा अनेक गांवांना पुरतो. परंतु कर्ज घेण्यास फेडण्याची ऐपत लागते, अर्ज करण्यास अभियंता व हिशेबनीस लागतो. दहा हजार घरांच्या शहरापाशीं दोन्ही असतात. शंभर घरांच्या गांवापाशीं दोन्ही नसतात. आणि ज्या वस्तीला नगरपालिकाच नाहीं, तिच्या वतीनें कर्ज मागणारा तरी कोण ?

ही उणीव प्रत्यक्षांत कोठवर जाते, हें अलाबामा राज्यांतील लाउंड्स कौंटींत दिसून आलें. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा विभाग. लाउंड्सची लोकसंख्या मात्र एखाद्या मोठ्या गांवाएवढीच, सुमारें दहा हजार. १९६५ सालीं मतदानाच्या हक्कासाठीं सेल्माहून माँटगोमेरीपर्यंत जो इतिहासप्रसिद्ध मोर्चा गेला, तो याच भागांतून. येथील बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय. या पट्ट्यास 'काळा पट्टा' हें नांव प्रथम पडलें तें तेथील मातीच्या रंगावरून. ती काळी, चिकण माती पावसांत फुगते, उन्हांत भेगाळते आणि पाणी खालीं जाऊं देत नाहीं. कापसाला ती मानवली. सांडपाण्याला मानवत नाहीं.

अमेरिकेंत सुमारें पांचांपैकीं एक घर सार्वजनिक गटाराला जोडलेलें नसून आपल्या सेप्टिक टाकीवर अवलंबून असतें. टाकींत गाळ खालीं बसतो व वरचें पाणी जमिनींत मुरतें, ही तिची रीत. जमीन पाणी शोषून घेत नसेल, तर उंच मातीचा व वाळूचा ढीग रचून त्यांत पाणी जिरविण्याची महाग रचना करावी लागते. तिला दहा हजार डॉलरांहून कितीतरी अधिक खर्च येऊं शकतो. लाउंड्समधील गरीब कुटुंबांनीं हा पैसा आणावा कोठून ? अनेकांनीं संडासाचा नळ सरळ घरामागच्या उघड्या जमिनीवर सोडला. ज्यांनीं टाक्या बांधल्या, त्यांच्या टाक्याही पावसाळी दिवसांत उलटून पाणी घरांत येऊं लागलें. टाकी ही घरमालकाची खासगी वस्तु, तेव्हां तिचा खर्चही त्याचाच, हा नियम; आणि मान्य पद्धतीची व्यवस्था नसणें हा राज्याच्या कायद्यानें गुन्हा. परिणामीं, ज्यांच्यापाशीं व्यवस्था करण्यास पैसा नव्हता, त्यांच्यापुढें दंड व अटक उभी राहिली.

याचें प्रायश्चित्त शरीरानें भोगावें लागतें. अमेरिकेच्या दक्षिण भागांत अंकुशकृमीचा रोग पूर्वीं फार होता. अनवाणी पायांतून हा कृमि शिरतो व रक्त शोषून माणसाला निःसत्त्व करतो. तो नाहींसा करण्यासाठीं १९०९ सालीं रॉकफेलर यांनीं दहा लक्ष डॉलर देऊन एक मंडळ स्थापिलें होतें, आणि हा रोग आतां इतिहासजमा झाला, अशी पुढें समजूत होऊन बसली. २०१७ सालीं लाउंड्स कौंटींतील पंचावन्न लोकांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हां त्यांतील एक तृतीयांशांहून अधिक जणांत त्या कृमीच्या खुणा आढळल्या. तपासलेले लोक थोडे होते, हें खरें. पण चंद्रावर माणूस पाठविणाऱ्या देशांत असें कांहीं आढळावें, हेंच पुरेसें बोलकें आहे.

याच कौंटींत वाढलेल्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स या बाईंनीं हा विषय अनेक वर्षें लावून धरला. २०२० सालीं प्रतिष्ठित मॅकआर्थर पारितोषिकानें त्यांच्या कार्याचा गौरव झाला. २०२१ च्या नोव्हेंबरांत मध्यवर्ती न्यायखात्यानें, नागरी हक्कांच्या कायद्याखालीं, राज्याच्या आरोग्यखात्याची चौकशी सुरू केली. २०२३ च्या मे महिन्यांत तडजोड होऊन, गरीब कुटुंबांवर सांडपाण्यासाठीं खटले भरण्याचें थांबविण्याचें व त्यांची सोय करण्याची योजना आंखण्याचें राज्यानें मान्य केलें. पण २०२५ च्या एप्रिलांत, सरकार बदलल्यावर, न्यायखात्यानें तो करारच संपुष्टांत आणला. कृपा म्हणून मिळालेली सोय राजकारणाच्या वाऱ्याबरोबर येते व जाते. कायद्याच्या चौकटींत बसविलेली पैशाची व्यवस्था तेवढी टिकते, हा याचा धडा. त्यामुळें २०२१ च्या दुसऱ्या एका कायद्याकडे लक्ष जातें. त्यानें फिरत्या निधींत पांच वर्षांसाठीं १,१७० कोटि डॉलर घालतांना, त्यांतील ४९ टक्के रक्कम फेड न मागतां, अनुदान म्हणून किंवा माफ व्हावयाचें कर्ज म्हणून द्यावी, असें घातलें होतें. केवळ कर्जानें हें काम होत नाहीं, याची ती चौतीस वर्षांनीं दिलेली कबुलीच होय.

खर्च एकेका दारावर न लोटतां सर्वांवर पसरविण्याची वेगळी रीत इंग्लंडमध्यें आढळते. तेथें १९३६ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानें घरमालकास आपलें गटार सार्वजनिक गटाराला जोडण्याचा हक्कच दिला होता. खेड्यांत जोडावयास गटारच नाहीं, हें ओळखून, महायुद्ध चालूं असतांनाच १९४४ सालीं ग्रामीण पाणीपुरवठा व गटारें यांचा कायदा झाला. इंग्लंड व वेल्ससाठीं दीड कोटि पौंडांची मदत त्यांत ठरली आणि १९५१ सालीं ही मर्यादा वाढविण्यांत आली. पुढें तेथील पाणीपुरवठा कंपन्यांकडे गेला. तरीही १९९५ सालीं कायद्यांत असें कलम घातलें गेलें कीं, जुन्या खड्ड्यांमुळें व टाक्यांमुळें परिसराची हानि होत असेल अशा वस्तीला, ठराविक कसोट्या लावून, कंपनीनें सार्वजनिक गटार पुरविलेंच पाहिजे. त्या गटाराचा खर्च त्या दहावीस घरांवर बसत नाहीं. कंपनीच्या सर्व ग्राहकांच्या पट्टींत तो विरून जातो. घरमालकानें करावयाचें तें आपल्या आवारापुरतें काम व इतरांसारखी सालाची पट्टी. लक्षावधि शहरी बिलांत या भाराचा मागमूसही लागत नाहीं. त्या खेड्यांतील घरावर तोच पडला असता, तर तें घर मोडलें असतें.

पैसा वांटून घेण्याआधीं खर्चच कमी करतां येतो का, हेंही पाहिलें पाहिजे. दक्षिण ऑस्ट्रेलियांतील पिनारू या लहान गांवानें १९६२ सालीं हा मार्ग दाखविला. प्रत्येक घराची सेप्टिक टाकी तशीच ठेवावयाची. गाळ तींतच बसेल. वरचें निवळ पाणी तेवढें नळांत सोडावयाचें. नळांत घन पदार्थ येत नाहींत, तेव्हां तो चार इंचांचा असला तरी भागतें, चर उथळ चालतो व उतारही फार लागत नाहीं. टाक्यांतील गाळ मात्र वेळच्यावेळीं काढला पाहिजे, आणि तें काम घरमालकाच्या मर्जीवर न सोडतां गांवच्या संस्थेनें आपल्याकडे घेतलें पाहिजे. ही रीत पुढें त्या राज्यांत अनेक ठिकाणीं पसरली. शहराची प्रतिकृति खेड्यांत उभारण्याचा हट्ट सोडला, तर अनुदानाचा एकच रुपया अधिक घरांपर्यंत पोंचतो.

अलाबामाच्या काळ्या मातीचें वर्णन ऐकून विदर्भ, मराठवाडा व सोलापूरकडील श्रोत्यांस आपल्या रेगडाची आठवण झाली असेल. दोन्हीकडच्या मातीची उत्पत्ति भिन्न : तेथें खालीं खडूचा दगड, येथें लाव्ह्याचा काळा पाषाण, पण पाण्याशीं त्यांचें वर्तन एकच. आणि नेमका हाच प्रश्न महाराष्ट्रांत आतां दाराशीं आला आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जलजीवन मिशन जाहीर झालें, तेव्हां देशांतील ग्रामीण घरांपैकीं सुमारें १७ टक्के घरांत नळ होता; सरकारी आंकड्यांप्रमाणें पुढील पांच वर्षांत हें प्रमाण ७५ टक्क्यांच्या पुढें गेलें. माणशीं रोज ५५ लिटर पाणी, हें त्याचें माप. पंधराशें वस्तीच्या गांवांत याप्रमाणें रोज ८२,५०० लिटर पाणी येतें. त्यांतील दोन तृतीयांशच बाहेर पडलें असें धरलें, तरी रोज ५५,००० लिटर सांडपाण्याची वाट लावावयाची आहे.

यासाठीं पैसा ठेवला गेला नाहीं, असें नाहीं. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यांत, २०२० सालीं ठरलेल्या नियमांप्रमाणें, पांच हजारांपर्यंत वस्तीच्या गांवास मोरीच्या सांडपाण्यासाठीं माणशीं २८० रुपयांपर्यंत व त्याहून मोठ्या गांवास माणशीं ६६० रुपयांपर्यंत तरतूद होती. त्यांतील ३० टक्के ग्रामपंचायतीनें वित्त आयोगाच्या अनुदानांतून घालावयाचे होते. पंधराशें वस्तीच्या गांवाच्या वांट्यास या हिशेबानें ४,२०,००० रुपये येतात. एवढ्यांत भुयारी गटार होणें नाहीं, हें उघड आहे. म्हणून भर राहिला तो शोषखड्ड्यावर. प्रत्येकानें आपल्या घरापाशीं खड्डा घ्यावा, दगडगोटे व वाळू भरावी आणि मोरीचें पाणी तेथेंच जिरवावें. मुरमाड जमिनींत, परसदार असलेल्या घराला याहून चांगला व स्वस्त उपाय नाहीं. जेथें तो साधतो, तेथें गटार बांधणें ही उधळपट्टी ठरेल.

परंतु रेगडांत तो साधत नाहीं; आणि ज्या घराला परसदारच नाहीं, त्यानें खड्डा घ्यावा कोठें ? गांवांत भिंतीला भिंत लागून बसलेल्या वस्त्या असतात, आणि त्या बहुधा भूमिहीनांच्या असतात. अशा घराला सामाईक नाली किंवा लहान नळ हाच मार्ग. तेथें 'आपापली सोय आपण करावी' हा नियम लावला, तर लाउंड्सचीच पुनरावृत्ति होणार : ज्याच्यापाशीं जमीन व पैसा आहे त्याचें पाणी जिरेल, आणि ज्याच्यापाशीं दोन्ही नाहींत त्याचें पाणी रस्त्यावर येऊन वर दूषणही त्यालाच लागेल.

यावर एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाहीं. लोकांनीं पदरचे चार पैसे घातले म्हणजेच ते योजना आपली मानतात. या म्हणण्यांत तथ्य आहे. जलजीवन मिशनमध्येंही गांवांतील कामाच्या खर्चाचा दहावा हिस्सा, आणि डोंगराळ भागांत किंवा अनुसूचित जातिजमातींची बहुसंख्या असलेल्या गांवांत विसावा हिस्सा, पैशानें, वस्तूनें वा श्रमानें लोकांनीं द्यावा, असें ठरविलें होतें. पण वांटा घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न वेगळा. आणि तो कोठें घ्यावा, हा वेगळा. दरसाल थोडीथोडी पट्टी देणारें कुटुंब योजना चालूं ठेवतें, नाली तुंबली तर जाब विचारतें. दारावरच मोठी रक्कम मागितली, तर तें कुटुंब योजनेंत येतच नाहीं. मग त्याला आपलेपणा वाटावा कसा?

शिवाय न आलेल्या घराचा तोटा त्या घरापुरता राहत नाहीं. ज्या योजनेला शंभर घरें जोडावयाचीं, तिला चाळीसच जोडलीं, तर चालविण्याचा खर्च चाळीस घरांवर पडतो. पट्टी वाढते, वाढलेली पट्टी पाहून आणखी घरें दूर राहतात, पंपाची वीज थकते, केंद्र बंद पडतें. सांठ घरांचें पाणी ओढ्यांत जातच असल्यामुळें उरलेल्या चाळीस घरांनींही पैसे भरून काय मिळविलें, असा प्रश्न येतो. रोगाचे जंतु कोणाची पावती पाहत नाहींत. म्हणूनच गटाराची जोडणी ही दुकानांतील वस्तूसारखी ज्याच्या त्याच्या खिशावर सोडण्याची गोष्ट नव्हे. अनेक देशांत नळ जवळून गेला असतां जोडणें सक्तीचें असतें. ती सक्ति मदतीवांचून केली तर जुलूम ठरते. मदत सक्तीवांचून केली तर योजना अर्धवट राहते. दोन्ही बरोबर चालाव्या लागतात.

शहरांतील करदात्यानें खेड्याच्या मोरीसाठीं पैसे कां द्यावे, असेंही कोणी विचारील. त्याचें उत्तर शहराच्याच इतिहासांत आहे. कोणत्याही मोठ्या शहराचें भुयारी गटार आजच्या रहिवाशांनीं दारांत पैसे मोजून बांधलेलें नाहीं. तें अनेक पिढ्यांच्या करांतून, कर्जांतून व सरकारी मदतींतून उभें राहिलें. भारतांत २००५ सालच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेंतून व २०१५ सालच्या अमृत योजनेंतून शहरांच्या मैलापाण्यासाठीं केंद्राचा मोठा पैसा गेला, आणि तें योग्यच झालें. मग तीच वागणूक खेड्यानें मागितली, तर ती भीक कशी ठरते ? शिवाय पुष्कळ शहरें ज्या नद्यांचें पाणी उचलतात, त्यांच्या कांठीं वरच्या बाजूस खेडीं वसलेलीं आहेत. वरच्या गांवच्या मोरीवर खर्च केलेला रुपया खालच्या शहराच्या पाण्यांतच परत येतो.

तेव्हां व्यवहाराचा मार्ग अवघड नाहीं. जमिनीची परीक्षा करून जेथें शोषखड्डा चालतो तेथें तो करावा, जेथें चालत नाहीं तेथें लहान नळाची सामाईक व्यवस्था करावी, आणि तिच्या अंदाजपत्रकांत घराच्या मोरीपर्यंतचा शेवटचा तुकडा पहिल्यापासून धरावा. मोठ्या कामाच्या भांडवलाचा वांटा जोडणीच्या आकारांत घालूं नये. गरीब कुटुंबाकडून जोडणीच्या वेळीं कांहीं घ्यावयाचेंच असेल, तर तें पट्टीबरोबर हप्त्यानें घ्यावें किंवा श्रमरूपानें घ्यावें. उलट सालाची पट्टी मात्र कोणासही माफ करूं नये. ती ऐपतीप्रमाणें कमीअधिक असावी, पण वसूल व्हावी, आणि तिचा पैसा नाल्या उपसण्यास, टाक्या रिकाम्या करण्यास व पंप चालविण्यासच लागावा. दारांत सूट आणि पुढें शिस्त, असा हा क्रम आहे. आजवर पुष्कळ ठिकाणीं तो उलटा राहिला : दारांत अडवणूक आणि पुढें ढिलाई.

योजना पुरी झाली म्हणजे अहवालांत किती मैल नळ घातले व किती लाख खर्च झाले, याचे आंकडे येतात. त्यांच्या शेजारीं आणखी एक आंकडा छापण्याची सक्ति असावी : गांवांतील किती घरांची मोरी प्रत्यक्ष जोडली गेली किंवा किती घरांचें पाणी जागीं जिरलें, आणि किती घरें बाहेर राहिलीं. बाहेर राहिलेल्या घरांची यादी ग्रामसभेंत वाचली जावी, आणि तीं कशामुळें बाहेर राहिलीं, हें तेथेंच विचारलें जावें. ती यादी संपेपर्यंत योजना पुरी झाली, असें कोणीं म्हणूं नये.